उजव्या हातावरची लाल रेघ

त्या चार दिवसांत माझा उजवा हात देवीच्या कोपाने जळत होता की औषधाने, हे मला ठरवता येत नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही मी सगळं उलगडून सांगू शकेन असं नाही. काही गोष्टी डॉक्टरांनी समजावल्या, त्या मला पटल्या. काही गोष्टी कोणीच समजावल्या नाहीत, तरी त्या घडल्याच. दोन्हींची सांगड घालायला गेले की माझं डोकं चालत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

आम्ही जामनेर तालुक्यातल्या पहूरचे. घरधनी जिनिंगमध्ये कामाला होते आणि मी मांडे करायची. खापरावरचे मांडे ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगते: पुरण भरलेली पोळी लाटण्याने नाही, हातांनी मोठी करतात. दोन्ही हातांवर ती अशी फिरवत न्यायची की पार कोपरापर्यंत पसरते, आणि मग चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायची. मनगट जरा अडलं तर मांडा फाटतो. हे काम मला सासूने शिकवलं. लग्न असो, बारसं असो, गावातली माणसं मला बोलवायला यायची आणि मला त्याचा गर्व होता. गर्व हा शब्द मी जाणूनबुजून लिहिते आहे.

आमच्या घरात कानबाई बसते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई मांडतात, तिला नथ घालतात, नटवतात, आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत वाघूर नदीवर नेतात. तिच्या नावाचा रोट, म्हणजे तिच्या प्रसादाची पोळी, सगळ्या भाऊबंदांनी मिळून खायचा असतो. घरं वेगळी झाली तेव्हा रीतीप्रमाणे कानबाई थोरल्या जावेकडे गेली. त्याचं मला काही वाटलं नाही. पण नैवेद्याचे मांडे वर्षानुवर्षं माझ्या हातचे असायचे, आणि त्या श्रावणात जावेने शेजारच्या आळीतली दुसरी बाई बोलावली. का बोलावली हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी दार लावून घरात बसले. जावेने पुतणीच्या हाती ताट पाठवलं, त्यात रोट, खीर आणि गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होती. ते ताट मी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. पोरीला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, आम्हाला नको." रोट नाकारलेला मी आमच्या कुळात तोवर कधी ऐकला नव्हता. संध्याकाळी घरधनी कामावरून आले, त्यांना हे कळलं, आणि ते न जेवता उठले.

पुढच्या महिन्यात मला ताप आला. दोन दिवस अंग मोडून आलं म्हणून काढा घेतला, मग गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या. ताप उतरेना. पोटात पाणीसुद्धा ठरेना. आठव्या दिवशी मला एसटीत आडवं घालून जळगावला नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांनी माझं वाईट काहीच केलं नाही. रक्त तपासलं, मुदतीचा ताप निघाला. औषध पोटात टिकत नव्हतं म्हणून ते शिरेतून द्यायचं ठरलं.

पहिले दोन दिवस डाव्या हाताला साधी सुई होती. कूस बदलली की ती सरकायची, हात फुगायचा, मग पुन्हा टोचाटोची. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "आता तुम्हाला ही प्लास्टिकची नळी लावते. मऊ असते, सारखं टोचावं लागत नाही." मनगटाच्या जरा वर, उजव्या हाताला त्यांनी ती लावली आणि वर पांढरी चिकटपट्टी ओढली. ती पट्टी पाहून मला बरं वाटलं होतं. रोज दोनदा त्या नळीतून औषध जायचं आणि सिस्टर विचारायच्या, "ताई, दुखतंय का हो?" पहिल्या दिवशी मी नाही म्हणाले ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी औषध सोडलं की आत काहीतरी चरचरत वर जायला लागलं. मिरचीचं पाणी कोणी शिरेत सोडावं तसं. ते हळूहळू कोपराकडे सरकायचं. चिकटपट्टीच्या कडेची कातडी लाल झाली होती आणि हात लावला तर तव्यासारखी गरम लागायची. आता कोणी म्हणेल, बाई, सिस्टरला सांगायचं ना. त्या विचारत होत्या, मी सांगायचं एवढंच बाकी होतं. पण माझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं हे कसं सांगू? जिथे आग पेटली होती तो हात उजवा होता, मांड्यांचा. त्याच हाताने मी ताट परत लोटलं होतं. मला वाटलं, कानबाईने बरोबर जागा शोधली. आधी ताप आला, तो तिने सगळ्या अंगाला दिला; आता जिथला गुन्हा तिथली शिक्षा. आणि शिक्षा भोगली म्हणजे फिटली. मी सांगितलं, त्यांनी ती नळी काढली, तर शिक्षा अर्धवट राहील, आणि मग ती घरात दुसऱ्या कोणावर उतरेल, या भीतीने मी गप्प राहिले.

सिस्टरनी विचारलं, "दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही." आणि औषध सोडण्यापुरतं नळीचं तोंड बाहेर ठेवून बाकी हात पदराखाली घेतला.

मी खोटं बोलते आहे हे कळत होतं, पण ते पुण्याचं खोटं आहे असंही वाटत होतं. सोसण्यात एक विचित्र समाधान असतं, त्याची मला त्या दिवसांत चव लागली. मी मनात म्हणायची, "आई, बघ, मी तोंडातून अक्षर काढत नाही." आणि दुसऱ्याच क्षणी वाटायचं, हे मी तिला ऐकवते कशाला? ही भक्ती आहे की पुन्हा तोच गर्व? विचारांचा असा गुंता व्हायचा की छताच्या पंख्याकडे बघता बघता मी कुठे आहे हेच विसरायची. घरधनी सकाळ-संध्याकाळ यायचे आणि पायथ्याशी स्टुलावर बसायचे. बायकांचा वॉर्ड, त्यामुळे त्यांना फार वेळ बसता यायचं नाही. ते विचारायचे, "वहिनीला कळवू का?" मी मान हलवून नको म्हणायची. त्यांनाही हात दाखवला नाही.

नळी लावल्याच्या चौथ्या दिवशी एक गोष्ट झाली ज्याने डॉक्टरही गोंधळले. मुदतीचा ताप उतरायला लागला होता, रोजचा आकडा खाली येत होता, आणि सकाळी एकाएकी मला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. दोन घोंगड्या टाकल्या तरी थंडी जाईना, आणि मागोमाग ताप असा चढला की सिस्टर दोनदा थर्मामीटर झटकून पाहत राहिल्या. डॉक्टर आले, पोट दाबलं, छाती तपासली, कागद चाळले. ते दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाले, "औषध लागू पडत होतं, मग हे का?" मी डोळे मिटून ऐकत होते. त्यांना उत्तर सापडत नव्हतं आणि उत्तर माझ्या पदराखाली होतं. पण मला वाटत होतं की डॉक्टरांना सापडत नाही याचाच अर्थ ते डॉक्टरांच्या हातातलं नाही. औषध बदलायचं, पुन्हा रक्त तपासायचं असं ठरवून ते गेले.

दुपारी भेटायला येणाऱ्यांची वेळ संपली. वॉर्ड शांत झाला होता. मी पदराआडून हळूच हात पाहिला. मनगटापासून एक लाल रेघ निघाली होती, सरळ, कुंकवाचं बोट ओढल्यासारखी, आणि ती कोपराच्या वर गेली होती. बोटाने चाचपलं तर कातडीखाली शीर सुतळीसारखी ताठ. काल ही रेघ इतकी लांब नव्हती. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. शिक्षा भोगणं निराळं आणि मरणं निराळं. मला मरायचं नव्हतं. घरधन्यांचा चेहरा आठवला. पण इतके दिवस खोटं बोलल्यावर आता कोणत्या तोंडाने सांगू, हेही कळेना. रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून पदराचा बोळा मी तोंडात धरला. हे मला पक्कं आठवतं, बोळ्याचा खारट स्वादसुद्धा आठवतो.

तेवढ्यात एक म्हातारी माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली. ती मला नुसती तोंडओळखीची होती. दाराजवळच्या खाटेवर तिची बहीण होती आणि ही खाली सतरंजीवर बसून असायची. माझी खाट खिडकीशी, मध्ये सहा खाटा. धुळ्याकडची बाई, हिरवं नऊवारी नेसलेली, कपाळावर गोंदण. आजवर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कसाले रडी ऱ्हायनी वं माय? देखू दे हात."

मी हात आणखी आत ओढला. तिने जबरदस्ती केली नाही. तिथेच खाली टेकली आणि वाट पाहत बसली. का कोण जाणे, तिला मी सगळं सांगितलं. रोट, ताट, जाऊ, मांडे, कानबाई. जे घरधन्यांना सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला, तुटक तुटक, तापाच्या भरात. ऐकताना तिने एकदाही अरेरे केलं नाही. शेवटी तिने स्वतःच्या हाताने माझा पदर बाजूला केला, ती रेघ पाहिली, आणि तिचा चेहरा बदलला.

"कानबाई तुना हात कसाले जाळी वं?" ती म्हणाली. "तिले तं तुना हातना मांडा खावाना शेतस. हाई सुईनं काम शे."

आमच्याकडची बोली जरा वेगळी, पण तिचा शब्द न् शब्द मला कळला. ज्या देवीला माझ्या हातचे मांडे खायचे आहेत ती माझा हात जाळेल कशाला? हे तर सुईचं काम. इतकी साधी गोष्ट मला इतक्या दिवसांत सुचली नव्हती. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मन्हा मालकना हात बी असाच व्हयना व्हता. त्या बोलनात नही. मी बी बोलनू नही." म्हणजे तिच्या नवऱ्याचा हात असाच झाला होता, तो बोलला नाही आणि तीही बोलली नाही. पुढे काय झालं हे तिने सांगितलं नाही. तिच्या कपाळावर गोंदण होतं, कुंकू नव्हतं. मला कळलं.

ती उठली आणि वॉर्डाच्या मधोमध उभी राहून तिने अशी हाक मारली की निजलेल्या बायका जाग्या झाल्या. "सिस्टरबाई! आठे या! हाई पोर मरी जाई!"

सिस्टर धावत आल्या. माझा हात पाहिला. मग म्हणाल्या, "अहो ताई, मी रोज विचारत होते ना? तुम्ही नाही म्हणत होता!" त्यांचे डोळे भरून आले होते. रागाने की भीतीने, कोण जाणे. चिकटपट्टी सोडवली, नळी काढली, तर त्या भोकातून पू आला. डॉक्टर आले. त्यांनी एक लांबलचक इंग्रजी शब्द उच्चारला आणि माझ्या तोंडाकडे बघून मराठीत सांगितलं, "नळीमुळे शीर सुजली आहे बाई. नळी शिरेत राहिली, औषधही कडक, की असं होतं. लगेच कळलं असतं तर नळी काढली असती आणि काम भागलं असतं. आता आत पू झालाय आणि तो रक्तात जायला लागलाय. थंडी वाजली ती त्याने." ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "का लपवलं?" देवीचं नाव घ्यायची लाज वाटली.

त्या धावपळीत आजीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. मला दुसऱ्या खोलीत हलवलं. डाव्या हाताला नवी नळी लागली, नवं औषध सुरू झालं. उजवा हात उशीवर उंच ठेवला आणि त्यावर सूज उतरवणाऱ्या मॅगसल्फ आणि ग्लिसरीनमध्ये भिजवलेली पट्टी घालून ठेवली. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस बघू. सूज हटली नाही तर चीर द्यावी लागेल." घरधनी दाराशी उभे राहून ऐकत होते. ते आत आले, मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "मी वहिनीला निरोप धाडला आहे. तू काहीही म्हण." आता माझ्याकडे म्हणण्यासारखं उरलंच नव्हतं. मनातल्या मनात मी हिशेब मांडायची, हे झालं म्हणून ते झालं, आता असं केलं तर तसं होईल. ते सगळं कोणीतरी पुसून टाकल्यासारखं झालं. मी पडून राहिले. आई, तुझा कोप असो नसो, मला कळत नाही, हा हात आता तूच बघ, एवढंच मनात आलं. ते प्रार्थना म्हणून आलं नव्हतं. थकवा होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जाऊ आली. खांद्याला पिशवी, केस विस्कटलेले. दारातच थांबली, माझा बांधलेला हात पाहिला आणि म्हणाली, "काहून सांगितलं नाही वं मले?" आम्ही दोघी रडलो. मग तिने सांगितलं की त्या श्रावणात दुसरी बाई का बोलावली होती. मी ज्यावर नैवेद्याचे मांडे करायची ते सासूचं खापर तिच्या हातून फुटलं होतं. ते माझ्यापासून लपवायचं म्हणून तिने दुसरी बाई तिच्या स्वतःच्या खापरासकट बोलावली. बस, एवढंच. तिने खापर लपवलं आणि मी हात लपवला. हसावं की काय करावं ते कळेना. दोन दिवस ती माझ्या उशाशी बसून होती. पट्टी सुकली की भिजवायची, सुकली की भिजवायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी उचलली, बोटाने रेघेचा माग घेत गेले, आणि म्हणाले, "चीर नको. उतरतंय."

बरं वाटल्यावर मी पहिल्यांदा आजीची चौकशी केली. पण ज्या दिवशी तिने सिस्टरला हाक मारली त्याच दिवशी तिच्या बहिणीला घरी सोडलं होतं. चार वाजताची धुळ्याची गाडी धरून त्या गेल्या होत्या. मी तिला साधं नावही विचारलं नव्हतं. सिस्टरनी रजिस्टर बघून तिच्या बहिणीचं नाव आणि गाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. घरी जाताना ती चिठ्ठी मी जावेच्या हातात दिली.

दिवाळीनंतर माझ्या अंगात जरा ताकद आली तेव्हा आम्ही दोघी जावा निघालो. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळे. तिथे पांझरेकाठी एकवीरादेवीचं दर्शन घेतलं, ओटी भरली आणि पुढच्या गाडीने त्या गावी गेलो. कपाशीच्या शेतांमधलं लहानसं गाव, घर सापडायला वेळ लागला नाही. आजी अंगणात सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसली होती. तिने मला ओळखलं नाही. मी जवळ बसून उजवा हात पुढे केला तेव्हा मात्र लगेच ओळखलं. अंगठ्याने ती शीर चाचपली. तेव्हाही ती आत दोरीसारखी कडक होती. ती म्हणाली, "जाई, जाई. दम धर."

जावेने तिला साडी दिली, नारळ दिला. मी पाया पडले आणि म्हटलं, "आजी, तुम्ही त्या दिवशी आला नसता तर मी राहिले नसते. तुम्हाला कसं कळलं की मला काही झालंय?"

आजीला माझा प्रश्नच समजला नाही. ती म्हणाली, "तूच तं हाक मारी ना."

"मी?"

"हां. तीनदा. 'अक्का वं, ये अक्का.' म्हनीसन मी उनू." मग ती हसली. "मन्हं नाव अक्का नही शे. पन म्हनं, कोनी तरी बलावस."

मी म्हणाले, "नाही आजी, मी हाक मारली नाही. माझ्या तोंडात तर पदर होता." ती मान हलवत म्हणाली, "मारी." वाद नाही, ठासून सांगणं नाही. पाऊस पडला होता असं कोणी सांगावं तसं. आतून तिची बहीण आली, तिलाही मी विचारलं. ती म्हणाली, तिने काही ऐकलं नव्हतं, अर्धवट झोपेत होती. पण ही एकाएकी उठली, 'उनू वं', म्हणजे आले गं, असं म्हणाली आणि चालत गेली, हे तिने पाहिलं.

मी जावेकडे पाहिलं नाही. पाहायची छातीच झाली नाही. आमच्या घरात मी थोरल्या जावेला अक्का म्हणायची. नव्या नवरीच्या दिवसांपासून. त्या श्रावणानंतर मात्र तो शब्द मी तोंडातून काढला नव्हता, दवाखान्यात ती आली तेव्हाही नाही. 'तुम्ही' म्हणून वेळ मारून नेत होते. मग त्या दुपारी त्या आजीने काय ऐकलं? तापाच्या भरात माझ्या तोंडून हाक गेली असेल? माणूस बरळतं, त्याला कळत नाही, हे मला मान्य आहे. पण मला पदराचा बोळा आठवतो. सहा खाटा आठवतात, डोक्यावर खडखडणारा तो पंखा आठवतो. मी किती वेळा त्या दुपारच्या आत जाऊन पाहिलं, मला माझा आवाज सापडत नाही.

परतीच्या गाडीत जावेने मला खिडकीशी बसवलं आणि माझा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. जळगाव जवळ आलं तेव्हा बाहेर बघत म्हणाली, "मले नाही ऐकू आलं वं. तिले आलं."

मी म्हणाले, "अक्का, मी तरी कुठे ऐकली?"

हाताचं सांगायचं तर तो वर्षभरात पूर्ण मोकळा झाला. ती कडक शीर विरघळत गेली. पुढच्या श्रावणात मांडे मीच केले, आणि शेजारच्या आळीतल्या त्या बाईलाही सोबत घेतलं. पहिले दोन माझ्या हातून फाटले. कोणी काही म्हणालं नाही. त्यानंतर दोन वेळा आम्ही आजीला भेटून आलो. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा ती नव्हती.

लोक मला विचारतात, ती कानबाई होती का? मी सांगते, नाही हो, ती शेंगा फोडणारी एक म्हातारी होती, आणि स्वतःच्या नवऱ्याच्या वेळी गप्प राहिल्याचं दुःख तिने आयुष्यभर उरात ठेवलं होतं. मग लोक विचारतात, तर देवीने काय केलं? याचं उत्तर मला देता येत नाही. कधी वाटतं सगळं नळीनेच केलं, नळी लावणाऱ्या आणि काढणाऱ्या हातांनी केलं. कधी वाटतं, जी हाक मी गर्वाने गिळून टाकली होती ती कोणीतरी माझ्या आतून काढून घेतली आणि जी उठून येईल तिच्या कानात नेऊन घातली. दोन्ही खरं असेल. मी आता ठरवायचा नाद सोडला आहे.

मला इतकंच उमगलं की शरण जाणं म्हणजे सोसत राहणं, अशी माझी समजूत होती ती चुकीची होती. सोसताना मी स्वतःलाच घट्ट धरून बसले होते. शिक्षा किती, ती कधी फिटणार, हे सगळं मीच ठरवत होते. देवीला त्यात जागाच ठेवली नव्हती. जेव्हा काही ठरवायची ताकद उरली नाही, तेव्हा ती जागा मोकळी झाली.

गेल्या महिन्यात शेजारच्या सुनेला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा भेटायला गेले. तिची नळी मनगटाशीच होती. मी विचारलं, "दुखतं का गं?" ती ओशाळून म्हणाली, "थोडंसंच." मी उठले आणि सिस्टरला बोलवायला गेले.